एचएसव्ही जीटीएसआर डब्ल्यू१ मालू

एचएसव्ही जीटीएसआर डब्ल्यू१ मालू हे ऑस्ट्रेलियात तयार झालेले अतिवेगवान यूट प्रकारातील वाहन आहे. होल्डन स्पेशल व्हेइकल्स, संक्षेपाने एचएसव्ही, या कंपनीच्या अधिकृत विक्रीयादीत त्याचा समावेश नव्हता. त्याच्या केवळ चार गाड्या बनवण्यात आल्या. त्यामुळे ते संग्राहकांमध्ये अत्यंत दुर्मीळ मानले जाते.

पार्श्वभूमी

पुढील भाग मोटारगाडीचा आणि मागे माल ठेवण्यासाठी उघडा हौदा, अशा रचनेच्या वाहनास ऑस्ट्रेलियात 'यूट' म्हणतात. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील असे एकच वाहन बनवावे, अशी विनंती एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्राने केली होती, असे सांगितले जाते. कंपनीचे अभिकल्पक ल्यू बँट यांनी केलेल्या आराखड्यानुसार १९३४ साली जिलाँग येथे अशा वाहनाचे उत्पादन सुरू झाले. होल्डनने १९५१ साली आपले पहिले यूट बाजारात आणले. नेहमीच्या पिकअप ट्रकप्रमाणे स्वतंत्र सांगाड्यावर उभे नसून मोटारगाडीच्याच घडणीवर आधारलेले असल्याने होल्डनचे नंतरच्या काळातील यूट बुटके होते आणि वळणावर अधिक स्थिर राही.

मालू मालिका

स्कॉटलंडचे मोटारशर्यतपटू टॉम वॉकिन्शॉ आणि होल्डन यांच्या भागीदारीतून १९८७ साली एचएसव्हीची स्थापना झाली. होल्डनच्या गाड्यांत फेरबदल करून त्यांना अधिक शक्तिशाली बनवणे हे तिचे कार्य होते. १९९० साली कंपनीने मालू हे यूट सादर केले. एका ऑस्ट्रेलियन आदिवासी भाषेत या शब्दाचा अर्थ 'मेघगर्जना' असा असल्याचे सांगितले जाते. २००६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे मार्क स्काइफ यांनी मालू आर८ ताशी २७१.४४ किलोमीटर वेगाने चालवून या वर्गातील तत्कालीन जागतिक विक्रम प्रस्थापित केला.

तांत्रिक वैशिष्ट्ये

२०१७ सालच्या जीटीएसआर मालूमध्ये ४३५ किलोवॉट शक्तीचे एलएसए इंजिन होते. डब्ल्यू१ मालूमध्ये त्याऐवजी चार दारांच्या डब्ल्यू१ गाडीतील एलएस९ इंजिन बसवण्यात आले. ६.२ लिटर क्षमतेचे हे व्ही८ इंजिन ४७४ किलोवॉट शक्ती व ८१५ न्यूटन-मीटर पीळबल निर्माण करते. त्यातील सुपरचार्जर इंजिनच्याच फिरत्या दांड्यावरून पट्ट्याने चालतो आणि हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो. अधिक हवेबरोबर अधिक इंधन जळते व शक्ती वाढते. या इंजिनात वंगणतेल तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत ठेवले जाते. त्यामुळे वेगात वळण घेताना तेल एका बाजूस सरकून वंगणपुरवठा खंडित होत नाही. हेच इंजिन अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट झेडआर१ या क्रीडामोटारीतही वापरले गेले होते.

उत्पादनाची अखेर

ऑस्ट्रेलियातील फोर्डचे मोटार उत्पादन ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि टोयोटाचे ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबले. त्यानंतर २० ऑक्टोबर २०१७ रोजी अ‍ॅडलेडजवळील एलिझाबेथ येथील होल्डनचा कारखाना बंद झाला आणि देशातील प्रवासी मोटारींचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन संपुष्टात आले. एचएसव्ही ज्या मूळ गाड्यांवर काम करीत असे, त्यांचा पुरवठाही त्यासोबत थांबला. २०२० साली होल्डन हे नाव बाजारातून काढून घेण्याचा निर्णय जनरल मोटर्सने जाहीर केला.

संग्राहकांमधील मूल्य

चार दारांच्या डब्ल्यू१ची मूळ किंमत सुमारे १ लाख ७० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होती. २०२१ साली एका डब्ल्यू१ मालूचा लिलाव १० लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरना झाला. अत्यल्प संख्या, सर्वांत शक्तिशाली इंजिन आणि स्थानिक उत्पादनाच्या अखेरच्या वर्षाशी असलेला संबंध ही या मूल्यवृद्धीची प्रमुख कारणे होत. अशा वाहनांची किंमत वापराने घटते, म्हणून ती सहसा रस्त्यावर आणली जात नाहीत. शेतमाल वाहण्याच्या गरजेतून जन्मलेल्या वाहनप्रकाराचे हे रूप त्यामुळे मालवाहतुकीपासून पूर्णपणे दूर गेले आहे.