एका प्रेमगीतातील प्रश्नवाक्य

प्रेमगीताचे सामर्थ्य बहुधा त्याच्या चालीत किंवा गायिकेच्या गळ्यात शोधले जाते. ते अयोग्य नव्हे. परंतु काही गीतांत या सामर्थ्याचा मोठा वाटा वाक्यरचनेचा असतो व तो भाषाशास्त्राच्या साधनांनी दाखविता येतो. ‘द शिरेल्स’ या अमेरिकन गायिकासमूहाचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गीत या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हे सबंध गीत एका प्रश्नवाक्यावर उभे आहे. तो प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनाला इतका का भिडतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

न्यू जर्सी राज्यातील पसेइक येथे एकाच शाळेत शिकणाऱ्या चार कृष्णवर्णीय मुलींनी हा समूह स्थापन केला. शर्ली ओवेन्स या त्यांतील प्रमुख गायिका. प्रस्तुत गीताचे शब्द जेरी गॉफिन यांचे व संगीत त्यांच्या पत्नी कॅरोल किंग यांचे. किंग त्या वेळी अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. ध्वनिमुद्रिका १९६० च्या अखेरीस निघाली आणि जानेवारी १९६१ च्या शेवटी ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या मुख्य क्रमवारीत पहिल्या स्थानी पोचली. कृष्णवर्णीय मुलींच्या समूहाला हा मान प्रथमच मिळत होता.

गीतातील प्रसंग एका रात्रीचा आहे. प्रियकर जवळ आहे, त्याचे प्रेम त्याच्या डोळ्यांत दिसते आहे, आणि तरुणी विचारते की, हे प्रेम उद्या राहील काय? या प्रश्नामागील धोका त्या काळच्या श्रोत्यांस उलगडून सांगावा लागत नसे. अमेरिकेत संततिनियमनाच्या गोळीस १९६० मध्येच मान्यता मिळाली होती. पण अविवाहितांस अशी साधने मिळविण्याचा घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मान्य केला. त्या रात्रीची किंमत मोजावी लागलीच, तर ती मुलीने मोजावयाची, हे उभयतांस ठाऊक होते. गीत उपदेश करीत नाही, नकारही देत नाही. ते केवळ विचारते.

आता प्रश्नाची घडण पाहू. शीर्षकात नसलेला ‘स्टिल’ हा शब्द गाताना येतो. त्यामुळे ‘आज तुझे प्रेम आहे’ हे विधान न करताच गृहीत धरले जाते. मराठीत हे कार्य ‘उद्याही’ मधील ‘ही’ हे अव्यय करील. तरुणी आजच्या प्रेमाविषयी शंका घेत नाही, कारण ती घेतली तर जवळीकच भंगेल. सारी शंका ती ‘उद्या’ या एका शब्दावर ठेवते. आणि ‘उद्या’ हा शब्द बोलण्याच्या क्षणाशी बांधलेला असतो. आज रात्री मिळालेला होकार खरा की खोटा, हे आज ठरू शकत नाही. ते ठरेल तेव्हा विचारण्याचा उपयोग उरलेला नसेल.

दुसरी गोष्ट ‘विल’ या साहाय्यक क्रियापदाची. त्याचा मूळ अर्थ इच्छेचा. भविष्यार्थ मागाहून आला. परिणामी प्रश्नात भाकीत आणि वचनाची याचना ही दोन्ही एकवटतात. मराठीत ‘प्रेम करशील का?’ असे म्हटले तर हे द्व्यर्थित्व टिकते, कारण ‘पाणी देशील का?’ ही आपल्याकडे विनंतीच असते. परंतु ‘मी तुला उद्याही आवडेन का?’ असे म्हणताच विनंती मावळते व निव्वळ भाकीत उरते. पहिल्या वाक्यात प्रियकर कर्ता आहे. दुसऱ्यात तो चतुर्थीत गेला असून आवडणे हे त्याच्या हाती उरत नाही. प्रेम ही कृती आहे की मनाला होणारा अनुभव आहे? कृती असेल तर वचन देता येते. अनुभव असेल तर दिलेले वचन पोकळ ठरते. इंग्रजी वाक्य पहिले रूप घेते आणि भीती दुसऱ्याची बाळगते. गीताची व्याकुळता, माझ्या मते, या फटीतून येते.

संगीत याच अर्थाला पोषक आहे. मेजर सप्तकातील सरळ चालीत, प्रियकराच्या डोळ्यांचा उल्लेख होतो त्या ठिकाणी, साथीच्या स्वरसंघात कोमल धैवताच्या जागेचा एक परका स्वर शिरतो आणि पुढील मायनर स्वरसंघाकडे ओढून नेतो. विश्वासाच्या शब्दांखाली शंकेचा स्वर वाजतो. रचनेत तीन समान कडवी असून तिसऱ्यापूर्वी एक वेगळ्या चालीचा भाग आहे. प्रत्येक कडव्याची अखेर प्रश्नावरच होते. सोबतिणींची निरर्थक अक्षरे व तंतुवाद्ये यांच्या गजबजाटात ओवेन्स यांचा स्वर मात्र संयत राहतो. हा प्रश्न आक्रोशून विचारला असता तर तो आरोप झाला असता.

१९७१ मध्ये किंग यांनी ‘टॅपेस्ट्री’ या संग्रहात हेच गीत स्वतः, संथ लयीत गायिले. गॉफिन यांच्याशी त्यांचा विवाह तोवर संपुष्टात आला होता. शब्द तेच, पण पूर्वीच्या मुद्रिकेत उत्तराची आशा ऐकू येते, तर येथे उत्तर ठाऊक असलेल्या स्त्रीने पुन्हा प्रश्न विचारल्याचा भास होतो. वाक्याचा अर्थ त्याच्या घटकांइतकाच वक्त्याच्या स्थितीवर अवलंबून असतो, याचे याहून सुबोध उदाहरण वर्गात देण्यास क्वचितच सापडेल.