छातींतील कळ : स्नायूंची कीं हृदयाची ?

एखाद्या दिवशीं मल्लखांबाचा सराव अंमळ जास्त झाला म्हणजे दुसऱ्या दिवशीं सकाळीं छाती दुखूं लागते, हा अनुभव तुम्हांपैकीं अनेकांस असेल. अशा वेळीं आई तेल चोळते, शेक देते, आणि दोन-चार दिवसांत दुखणें थांबतें. परंतु त्याच घरांतील आजोबा जिना चढतां चढतां छातीवर हात ठेवून थबकले, तर तेथेंही "वात धरला असेल" असें म्हणून तेलाची बाटली पुढें करणें योग्य होईल काय ? या दोन दुखण्यांतील भेद थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

छाती म्हणजे केवळ हृदयाची पेटी नव्हे. बरगड्यांच्या बारा जोड्या, छातीचें मधलें हाड, त्यांस सांधणाऱ्या कूर्चा व बरगड्यांमधील स्नायु यांचा सांगाडा श्वासागणिक हालत असतो. जड ओझें उचलल्यानें, एकसारखा खोकला आल्यानें किंवा मार लागल्यानें त्यांतील एखादा भाग दुखावतो. हें दुखणें बहुधा एका जागीं असतें. रोगी बोट ठेवून ती जागा दाखवितो. तेथें दाबलें, कूस बदलली, हात उचलला किंवा खोल श्वास घेतला कीं तें वाढतें. कधीं सुईसारखी टोंचणी क्षणभर येऊन जाते, तर कधीं बारीक ठणका दिवसचे दिवस राहतो.

हृदयाची वेदना निराळी. हृदय हाही एक स्नायुच आहे. मात्र त्यास जन्मभर सुट्टी नाहीं. त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आंतून अरुंद झाल्या, म्हणजे श्रमाच्या किंवा संतापाच्या वेळीं वाढलेलें काम त्यास झेपत नाहीं. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांचें या वेदनेचें वर्णन १७७२ सालीं छापून प्रसिद्ध झालें. ती चालतांना, विशेषतः चढावर व जेवणानंतर येते आणि उभें राहतांच ओसरते, असें त्यांनीं नमूद केलें. त्यांनीं दिलेलें 'अँजायना पेक्टोरिस' हें नांव आजही रूढ आहे. छातीवर दगड ठेवावा किंवा ती आवळून धरावी, तसें रोग्यास वाटतें. तो बोट ठेवीत नाहीं. तळहात किंवा मूठ छातीवर धरतो. ही कळ हातांत, खांद्यांत, मानेंत, जबड्यांतही जाते. कारण हृदयाकडून व हातांकडून येणारे मज्जातंतु मज्जारज्जूच्या एकाच भागांत शिरतात, आणि संदेश कोठून आला याविषयीं मेंदूची फसगत होते. विश्रांतीनें कळ थांबली तरी डॉक्टरांस लवकर दाखविलेंच पाहिजे. पण गुठळीनें रक्ताचा मार्गच बंद झाला, तर ती विश्रांतीनेंही हटत नाहीं. दरदरून घाम सुटतो, धाप लागते, मळमळतें. हाच हृदयविकाराचा झटका होय.

परंतु एवढ्यावर कोणी घरींच निदान करूं लागेल, तर त्यानें या लेखाचा अर्थ उलटा घेतला. वरील खुणा पुष्कळदां खऱ्या ठरतात, नेहमीं नव्हे. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांस कधीं छाती न दुखतां नुसती धाप किंवा थकवा जाणवतो. दाबल्यानें दुखलें म्हणून हृदय निर्दोष, असेंही नाहीं. एकाच माणसास दोन्ही दुखणीं असूं शकतात. ज्या विद्युत्-आलेखाच्या कार्याबद्दल लायडेनचे विलेम आइंथोव्हेन यांस १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, तो ईसीजीसुद्धां आरंभीं निर्दोष दिसूं शकतो. म्हणून डॉक्टर तो पुन्हां काढतात आणि रक्तांतील ट्रोपोनिन तपासतात. जेथें यंत्रासही दुसऱ्यांदा पाहावें लागतें, तेथें आपल्या अंदाजाची मातब्बरी ती काय ? लहान वयांत छाती दुखण्याचें कारण हृदय क्वचितच असतें. तरी धावतांना छाती दुखली किंवा घेरी आली, तर मुलांनीं तें लपवूं नये.

मग खुणा शिकून लाभ कोणता ? लाभ हा कीं, घाई केव्हां करावी हें त्या शिकवितात. वडील माणसें बहुधा "मला कांहीं झालें नाहीं, उगीच धांवपळ नको" असेंच म्हणतील. आईबापांचा मान राखावा, ही आज्ञा आपण पवित्र शास्त्राच्या तासास शिकलों आहों. त्या घटकेस त्यांचें न ऐकणें हाच त्यांचा खरा मान. त्यांस बसवावें, चालूं देऊं नये, शेजाऱ्यांस हांक मारावी, आणि महाराष्ट्रांत किंवा गोव्यांत असाल तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयाचा जो भाग रक्तावांचून मरतो, तो पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. दुखणें स्नायूंचें निघालें, तर इस्पितळाची एक फेरी फुकट गेली इतकेंच. हृदयाचें निघालें, तर त्या फेरीनें घरचें माणूस वांचेल.