उपदेश न करणारा समुपदेशक

अंगात ताप आला की आपण डॉक्टरांकडे धाव घेतो. मनाला त्रास झाला की मात्र तो घरातल्या घरात झाकून ठेवतो. समुपदेशकाकडे जा, असे कोणी सुचविले, तर 'मला का वेड लागले आहे?' असे उत्तर येते. किंवा 'उपदेश करायला घरची माणसे काय थोडी आहेत?' अशी शंका निघते. या शंकांचे निरसन व्हावे, म्हणून या शास्त्राचे एक थोर प्रवर्तक कार्ल रॉजर्स यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेत, शिकागोजवळ ओक पार्क येथे झाला. घरचे वळण कडक धार्मिक. पत्ते व नाटक वर्ज्य. ते बारा वर्षांचे असता कुटुंब शेतावर राहावयास गेले. महाविद्यालयात त्यांनी प्रथम शेतकी व नंतर इतिहास घेतला. पुढे धर्मोपदेशक होण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथे मानसशास्त्राकडे वळले. १९२८ पासून बारा वर्षे त्यांनी रॉचेस्टर येथे अडचणीतील मुलांसाठी काम केले.

तेथील एक अनुभव त्यांनी लिहून ठेवला आहे. एका व्रात्य मुलाच्या आईला, तिचे कोठे चुकते, हे ते पुष्कळ दिवस समजावीत होते. उपयोग होईना, तेव्हा दोघांनी प्रयत्न सोडून देण्याचे ठरविले. दारापर्यंत गेलेली ती बाई वळली आणि येथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते काय, असे तिने विचारले. मग तिने आपल्या संसाराचे दुःख मोकळेपणाने सांगितले. रॉजर्स केवळ ऐकत राहिले; पुढे मुलाचेही वागणे सुधारले. कोठे दुखते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, हा धडा त्यांनी त्यातून घेतला.

समुपदेशकाच्या ठिकाणी तीन गुण अवश्य आहेत, असे त्यांचे म्हणणे : वागण्यात खरेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी उभे राहून त्याचे मन जाणणे. १९४२ च्या ग्रंथात त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या एका उपचाराचा संपूर्ण संवाद छापला. त्यामुळे बंद खोलीतील ही विद्या अभ्यासकांस तपासता येऊ लागली. १९८७ साली ते निवर्तले.

येथे एक खुलासा अवश्य आहे. भ्रम होणे, नसलेले आवाज ऐकू येणे, जीव द्यावासा वाटणे, अशा वेळी केवळ बोलणे पुरत नाही. मनोविकारतज्ज्ञांस दाखविलेच पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

आपल्या संस्थेने आजवर गरजूंच्या शिक्षणाची व औषधपाण्याची काळजी वाहिली. परंतु सुस्थित घरातही एखादी सून, एखादा परीक्षार्थी किंवा एकटे पडलेले आजोबा आतल्या आत कुढत असतात. त्यांना मध्येच न तोडता अर्धा तास ऐकून घेणे, यास देणगीही लागत नाही आणि ठरावही लागत नाही. तेवढे प्रत्येक सभासदाने आपल्या घरी करावे, अशी आमची विनंती आहे.