माद्यांची निवड

भूमध्यसागरी फळमाशी आपल्या घरमाशीहूनही लहान. परंतु संत्री, पेरू, कॉफी अशा कितीतरी फळांचा ती नाश करिते. मादी सालीला टोचून आत अंडी घालते आणि अळ्या गर पोखरतात. औषध फवारावे, तर अळी सालीआड सुरक्षित!

यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजिली. कारखान्यात माश्या वाढवावयाच्या, किरणांनी त्यांना वंध्य करावयाचे आणि बागांवर सोडावयाचे. रानातील मादीचा अशा नराशी संयोग झाला, की तिची अंडी फुटतच नाहीत. गुरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या एका माशीचा कुरासाओ बेटावर १९५४ साली याच रीतीने उच्छेद करण्यात आला.

फळमाशीच्या बाबतीत मात्र अडचण होती. वंध्य झाली, तरी मादी फळाला टोचावयाचे सोडीत नाही; शिवाय सोबत सोडलेले नर तिच्याच भोवती रमतात. तेव्हा माद्या आधीच वेगळ्या काढावयास हव्यात. पण तांदळाच्या दाण्याएवढे कोट्यवधी कोष हातांनी कोण निवडील?

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक बिघडली, तरी दुसरी काम निभावते. ज्यांच्या कोषाला तपकिरी रंग देणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या आहेत, त्यांचे कोष पांढरे होतात. अशा माश्या शास्त्रज्ञांनी वाढविल्या आणि त्या जनुकाची चांगली प्रत ‘वाय’ गुणसूत्राला जोडलेले नर त्यांत मिळविले. हे गुणसूत्र पित्याकडून केवळ पुत्राकडे जाते. म्हणून नराचा कोष तपकिरी, मादीचा पांढरा. रंग ओळखून धान्य निवडणारे यंत्रही ते वेगळे करू लागले.

तरीही कोष होईपर्यंत माद्यांना पोसावे लागेच. निम्मे खाद्य वाया! पुढे ऑस्ट्रियातील सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत, उष्णता सोसू न देणारे दुसरे जनुक याच रीतीने उपयोगात आणले गेले. आता एक दिवसाची अंडी ३४ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात २४ तास ठेवितात. हे पाणी आपल्या अंगाहूनही थंड. पण तेवढ्याने मादीची अंडी मरतात, नराची वाचतात. ग्वातेमालात एल पिनो येथील कारखान्यात असे नर अगणित संख्येने निपजविले जातात.

मात्र क्वचित जनुकांची अदलाबदल होऊन तपकिरी कोषातून मादी निघते. तिची संतती वाढू दिली, तर काही पिढ्यांत सारी व्यवस्था कोलमडेल. म्हणून मूळ बीजाच्या माश्या थोड्या संख्येने निराळ्या राखतात आणि दर पिढीला त्या तपासून अशा माश्या काढून टाकितात.