श्वाननिवारा आणि स्वयंसेवक

सन १८३२ च्या उन्हाळ्यात मुंबईतील मोकाट कुत्री ठार मारण्याची मोहीम कंपनी सरकारने चालविली होती. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायास आठ आणे मिळत. या लोभाने शिपाई घरांच्या आवारातील कुत्र्यांवरही हात टाकू लागले. तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने ७ जून रोजी बाजार बंद पाडले व इंग्रज फौजेची रसद अडविली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. मोकाट कुत्र्यांचे करावे काय, हा प्रश्न असा जुना आहे.

आज या प्रश्नाला कायद्याची चौकट आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली २०२३ साली प्राणी जन्मनियंत्रण नियम जारी करण्यात आले. त्यांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून, कानाला ओळखीची खाच पाडून, त्यांना मूळ जागी सोडावयाचे असते. ही जबाबदारी महानगरपालिका, नगरपालिका व पंचायती यांची आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्र्यांच्या बाबतीत मात्र वेगळा आदेश दिला. ही कुत्री नसबंदी व लसीकरणानंतर निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा त्याच आवारात सोडू नयेत, असे त्यात म्हटले. साहजिकच निवाऱ्यांकडे नव्याने लक्ष वळले आहे.

निवारा म्हटला की जागा, पत्रे, जाळी आणि पाणी यांचा विचार प्रथम होतो आणि बहुधा तेथेच संपतो. परंतु मोकळ्या गल्लीत वाढलेले कुत्रे एकाएकी खोलीएवढ्या जागेत कोंडले गेले की भेदरते, अन्न टाकते किंवा शेजारच्या कुत्र्याशी झुंजू लागते. दोन-तीन पगारी कामगारांचा दिवस झाडलोट, अन्नवाटप व औषधोपचारात सरतो. कुत्र्यापाशी बसण्यास त्यांना उसंत नसते. ही उणीव भरून काढणे हेच स्वयंसेवकाचे खरे काम होय.

हे काम दिसावयास अगदी साधे आहे. भेदरलेल्या कुत्र्याच्या समोर उभे न राहता बाजूला बसावे, डोळ्यांत रोखून पाहू नये, डोक्यावरून हात नेऊ नये. ते आपण होऊन हुंगावयास येईपर्यंत वाट पाहावी. यास कधी आठवडा लागतो, कधी महिना. पुढे पट्टा घालून फिरविणे, अंग घासणे, गोचीड काढणे या गोष्टी जमू लागतात. माणसाला सरावलेल्या कुत्र्याला घर मिळण्याचा संभव अधिक, आणि एक कुत्रे दत्तक गेले की निवाऱ्यात एक जागा मोकळी होते. रोज तेच प्राणी पाहणाऱ्याची नजरही तयार होते. काल ताटली चाटून पुसणारे कुत्रे आज कोपऱ्यात पडून आहे, हे पशुवैद्यकाच्या आधी त्याच्या ध्यानात येते.

नव्याने आलेले कुत्रे काही दिवस वेगळे ठेवावे लागते. पिल्लांना होणाऱ्या पार्व्हो या जीवघेण्या अतिसाराचा विषाणू साध्या साबणाने मरत नाही. त्यासाठी ब्लीचचे द्रावण लागते. एका स्वयंसेवकाच्या चपलेबरोबर हा रोग पिल्लांच्या खोलीत जाऊ शकतो. म्हणून आजारी प्राण्यांकडे शेवटी जाणे आणि पादत्राणे बदलणे हे नियम हौशी माणसाला जाचक वाटले, तरी पाळावेच लागतात.

रेबीजच्या बाबतीत तर ढिलाईला जागाच नाही. लक्षणे उमटल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. त्यामुळे कुत्र्यांत काम करणाऱ्याने लस आगाऊच टोचून घेतली पाहिजे. चावा अथवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. आगाऊ लस घेतलेल्यालाही पुन्हा मात्रा घ्याव्या लागतात. हळद, मिरची, चुना जखमेवर लावण्याची रीत अजून काही घरांतून आढळते. ती घातक आहे.

संशयित रेबीजग्रस्त प्राण्याने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे ध्यानी घेता शाळकरी मुलांना पिंजऱ्यात काम देणे योग्य नव्हे. त्यांनी जुनी गोणपाटे व चादरी गोळा कराव्यात. खाणारे, झोपलेले किंवा पिल्लांजवळचे कुत्रे छेडू नये, हे शिक्षकांनी वर्गात शिकवावे. निवाऱ्याला लागणारे हात तालुक्याच्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांतून, तसेच निवृत्त कर्मचाऱ्यांतून मिळू शकतात.

मात्र पहिल्या रविवारी पन्नास जण यावेत आणि तिसऱ्या रविवारी कोणीच नसावे, यापेक्षा ठरल्या वारी नेमाने येणारे पाच जण निवाऱ्याला अधिक उपयोगी पडतात. ओळखीचा माणूस येईनासा झाला की लळा लागलेले कुत्रे पुन्हा कोपरा धरते. यासाठी पंचायतीने वारांची पाळी कागदावर लिहून निवाऱ्याच्या दारावर लावावी व तीत दिवाळीचे दिवस आधी भरून घ्यावेत. त्या दिवसांत फटाक्यांनी कुत्री सर्वांत अधिक बावरतात, आणि नेमके तेव्हाच स्वयंसेवक गावाला गेलेले असतात.