साबुदाण्याचा डोळा

साबुदाणा उकळत्या पाण्यात पडला की बाहेरून लवकर काचेसारखा होतो, पण त्याच्या पोटात एक पांढरा ठिपका बराच वेळ टिकून राहतो. माझ्या सासूबाई त्याला ‘डोया’ म्हणतात. उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या असल्या की पहाटे गंजाजवळ उभ्या राहून त्या पळीत चार दाणे घेतात, खिडकीच्या उजेडाकडे धरतात आणि डोया मिटला की नाही ते बघतात. मिटला नसेल तर गॅस बंद होत नाही आणि कोणी गच्चीवर प्लॅस्टिक अंथरायला जात नाही. वाळल्यावर पापडीत तो ठिपका तसाच राहतो आणि तळताना तेवढीच जागा फुलत नाही, असा त्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव आहे.

ही पारख मला एका परक्या गोड पदार्थासाठी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. माझी अकोल्याची भाची वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्सला, दावाओ शहरात होती. महाराष्ट्रातली बरीच मुलं गेली काही वर्षं त्या शहरात शिकायला गेलेली आहेत. तिथे घरमालकीण कोणाचा वाढदिवस असला की आंबा, साबुदाणा आणि नारळाचं दूध यांचं गारेगार मिश्रण मोठ्या काचेच्या भांड्यात करायची. घरमालकिणीला सगळ्या मुली ‘आते’ म्हणायच्या. तिकडच्या भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. भाचीने फोनवर पहिल्यांदा ‘आतेने मँगो सागो केला’ असं सांगितलं, तेव्हा तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, क्षणभर कळेचना की आपली नणंद तिकडे कधी गेली.

भाची परत आली ती एप्रिलच्या शेवटी, ऐन उन्हात. अकोल्यात पारा ४५ च्या आसपास असला की दुपारी गरम काही गळ्याखाली उतरत नाही. तिने मला अमरावतीला फोन केला, ‘मावशी, तू करून बघ ना, मला आतेसारखं जमत नाहीये.’ मी त्याच दिवशी करायला घेतलं आणि बिघडवलं.

बिघडलं ते सवयीमुळे. आपल्या हाताला साबुदाणा म्हटलं की भिजवणं ठाऊक. रात्री धुवायचा, दाणे जेमतेम बुडतील एवढं पाणी ठेवायचं, सकाळी बोटात दाबून बघायचा. खिचडीसाठी हे अगदी बरोबर आहे. मी तसाच भिजवला आणि मग शिजवायला टाकला. पाच मिनिटांत गंजात लापशी झाली. दाणा दाण्यापासून वेगळा म्हणून दिसत नव्हता. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘काय करून रायली वं?’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मंग भिजवला काहून? कोरडाच टाक न उकळत्या पान्यात.’ त्यांनी फिलिपिन्सचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण साबुदाणा त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. कारखान्यात त्याच्या गोळ्या बनवून तव्यावर भाजतात तेव्हा वरचा थर अर्धवट शिजून घट्ट होतो, आतला कच्चाच राहतो. अशी गोळी गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवली, तर वरचा थर आधी मऊ पडतो, आतलं पीठ पाण्यात सुटतं आणि खळ तयार होते. तीच गोळी खळखळत्या पाण्यात पडली, तर बाहेरचा थर लगेच शिजून पारदर्शक कवच होतो आणि आतलं आतच राहतं. मग उष्णता सावकाश पोटापर्यंत पोहोचते. डोया म्हणजे अजून न शिजलेलं पोट.

पाणी भरपूर हवं, एक वाटी साबुदाण्याला निदान दहा वाट्या. पाणी कमी असलं की दाणे एकमेकांना धरतात. पाण्याला सणसणीत उकळी आली की कोरडा साबुदाणा एका हाताने पसरत सोडायचा आणि दुसऱ्या हाताने लगेच पळी फिरवायची. पहिलं एक मिनिट पळी थांबवायची नाही, कारण त्याच मिनिटात दाणे तळाला बसतात. दाणे वर तरंगायला लागले की आच मध्यम करायची. दहा-बारा मिनिटांनी बघावं तर प्रत्येक दाण्यात अजून मोहरीएवढा डोया असतो. इथे उतावळेपणा करून उकळत राहिलं, तर बाहेरचं विरघळतं आणि आतलं शिजतं तोवर दाणा निम्मा झालेला असतो. म्हणून गॅस बंद करून झाकण ठेवायचं आणि पंधरा मिनिटं त्या गंजाकडे जायचं नाही. झाकण काढलं की सगळे डोये मिटलेले असतात. दुसऱ्या वेळी मी ते पाहिलं आणि सासूबाईंना हाक मारली. त्यांनी पळीत दाणे घेऊन उजेडाकडे धरले, मान हलवली आणि काही न बोलता देवघराकडे गेल्या. मला तेवढं पुरलं.

मग सगळं पिठाच्या चाळणीत ओतायचं आणि वरून गार पाणी सोडायचं. मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी चहाला ठेवल्यासारखं येतं, त्यामुळे मी माठातलं पाणी वापरते. चिकट पांढरं पाणी निघून जातं आणि चाळणीत मोकळे, टपोरे, चमकणारे दाणे उरतात. इतके सुंदर दाणे खिचडीत कधी दिसत नाहीत. दुकानात ‘नायलॉन साबुदाणा’ मिळतो तो यासाठी घेऊ नये. तो वाफवलेला असतो आणि चिवड्यासाठी तळायला चांगला. आपला नेहमीचा खिचडीचा, शक्यतो बारीक, हाच बरा.

आंब्याचं मात्र साबुदाण्यासारखं नाही, तिथे निवड करावीच लागते. रसाला आमच्याकडे गावरान आंब्यासारखा आंबा नाही. पाण्यात दोन तास टाकून ठेवलेले गावरान आंबे, हाताने माचलेला रस आणि सोबत सरगुंडे किंवा कुरडया, हे वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचं खरं जेवण. पण गावरान आंब्याला रेषा असतात. या पदार्थात फोडी चमच्याने खायच्या असतात आणि दातात रेषा अडकली की चव जाते. फिलिपिन्समध्ये वापरतात तो ‘काराबाओ’ आंबा, काराबाओ म्हणजे तिकडची म्हैस. तो पिवळाधमक, बिनरेषेचा आणि गोड असतो. आमच्या इतवारा बाजारात त्याच्या जवळचा म्हणजे बैंगनपल्ली, ज्याला बाजारात सगळे बैगनफल्लीच म्हणतात. तो आंध्रातून येतो, मोठा असतो, साल पातळ, गर घट्ट, चौकोनी फोडी सुबक पडतात. त्याची गोडी एकसुरी आहे, म्हणून मी दोन बैंगनपल्लीच्या फोडी करते आणि रसासाठी दोन केशर किंवा दशहरी घेते. हापूस इथे वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इतका महाग आंबा दुधा-नारळात बुडवायचा नसतो.

अडचण आली ती नारळाची. वऱ्हाड हा नारळाचा मुलूख नाही. आमच्याकडे नारळ देवळात फुटतो, त्याचा प्रसाद होतो, उरला तर चटणी. नारळाचं दूध काढून स्वयंपाक करणं कोकणातलं. पण काढायला काही कठीण नाही. एक नारळ खोवायचा, एक वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमधून फिरवायचा आणि पातळ मलमलच्या फडक्यात पिळायचा. पहिल्या पिळणीचं दाट दूध ठेवायचं, दुसऱ्या पिळणीचं पातळ दूध भाजीत घालायचं. उन्हाळ्यात हे दूध ओट्यावर ठेवलं तर दोन तासांत आंबूस वास येतो, म्हणून काढलं की थेट फ्रिजमध्ये. फिलिपिन्समध्ये आता बऱ्याच घरांत नारळाच्या दुधाऐवजी डब्यातलं क्रीम वापरतात. मी दोन्ही करून पाहिलं. क्रीमचा पदार्थ चांगला लागतो, पण पहिल्या चार चमच्यांनंतर जड होतो. नारळाचा शेवटपर्यंत हलका राहतो.

दाट दुधात अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नये, त्याशिवाय नारळ मुका लागतो. आंबट आंब्याने साधं दूध फाटतं, म्हणून साखर घालून आटवलेलं दूध आणि नारळ हेच ठीक. आंब्याचा रस अगदी शेवटी.

एकदा मी बहिणीकडे अकोल्याला हा पदार्थ न्यायचा ठरवला. घरी चौदा माणसं जेवायला होती. रात्रीच सगळं एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी बर्फाच्या डब्यात घालून बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं तेव्हा डबा अजून गार होता म्हणून मी खुशीत होते. अकोल्यात झाकण काढलं तर साबुदाणा पुन्हा पांढरा झालेला. डोया नव्हे, अख्खा दाणाच पांढरा, आणि चावला तर आत रबरासारखा घट्ट.

रात्रीची भाकरी सकाळी कडक होते, फ्रिजमधला भात मोकळा आणि करकरीत होतो, त्याचंच हे रूप. शिजताना स्टार्चचे धागे पाणी धरून सुटे होतात, थंडीत ते परत एकमेकांना बिलगतात आणि पाणी सोडतात. फ्रिजची थंडी तर यासाठी फारच अनुकूल. म्हणजे ज्या पदार्थाचा सगळा आनंद गारव्यात आहे, त्याचा मुख्य दाणाच गारव्यात बिघडतो. बहिणीने शहाणपणाने दाणे वेगळे गाळून काढले, गरम पाण्यात पाच मिनिटं टाकले, ते परत पारदर्शक झाले आणि वेळ निभावली.

तेव्हापासून मी रीत बदलली. आंब्याच्या फोडी, रस आणि नारळाचं गोड दूध सकाळपासून फ्रिजमध्ये, चांगले चार तास. साबुदाणा मात्र वाढायच्या तासभर आधी शिजवायचा, चाळणीत धुऊन बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवायचा, निथळून लगेच थोड्या कंडेन्स्ड मिल्कमध्ये घोळवायचा, कारण साखरेत तो उशिरा घट्ट होतो. मग सगळं एकत्र, अर्धा तास परत फ्रिज, आणि वाढायचं. अकोल्याला जायचं असेल तर आता मी कोरडा साबुदाणाच पिशवीत घालते.

याच खटपटीत मला साबुदाण्याचा प्रवास नीट कळला. मूळ सागो हा आग्नेय आशियातल्या एका ताडाच्या खोडातला. मलायी भाषेतला ‘सागू’ आपल्याकडे येताना ‘साबू’ झाला. पूर्वी आपला साबुदाणा सिंगापूर-मलायाकडून बोटीने यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती वाट बंद झाली आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून तो करायला सुरुवात झाली. १९८१ पासून तिथल्या कारखानदारांची ‘सागोसर्व्ह’ नावाची सहकारी संस्था आहे. आज अकोल्या-अमरावतीच्या किराणा दुकानात येणारा बहुतेक साबुदाणा त्या भागातला. तो कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिका खंडांतलीच, म्हणजे आपली उपासाची खिचडी जवळजवळ सगळी समुद्रापलीकडून आली आहे. फिलिपिन्सला हा कंद मेक्सिकोहून स्पॅनिश जहाजांनी पोहोचला. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ती जहाजं मनिला आणि अकापुल्कोदरम्यान जात-येत होती, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी आंबा मेक्सिकोला नेला. तिथे त्या जातीला अजून मनिला म्हणतात. आंबा मात्र आपल्याच भूभागातून पूर्वेला गेलेला. फिलिपिन्सच्या भाषेतला आंब्याचा ‘मांगा’ हा शब्दसुद्धा तमिळ ‘मांगाय’पासून पोहोचला. त्यामुळे भाचीने हा पदार्थ परदेशातून आणला असं मला वाटत नाही. आपल्या दोन ओळखीच्या गोष्टी बराच फेरा घेऊन घरी आल्या, एवढंच.

घरात शेवटची खात्री झाली ती एकादशीला. सासूबाईंनी वाटी हातात घेऊन विचारलं, ‘याच्यात काय काय हाय?’ मी एकेक सांगत गेले. आंबा, साबुदाणा, नारळ, दूध, साखर. मीठही त्या दिवशी सैंधवच घातलं होतं. त्यांनी एक चमचा खाल्ला, दाणा जिभेवर फिरवून पाहिला. ‘हे त उपासाले चालते, बाप्पा!’ संध्याकाळी शेजारच्या दोघी विचारायला आल्या, तेव्हा सासूबाईंनीच त्यांना सांगितलं, साबुदाना भिजवू नका म्हनून.

तेवढंच तुम्हालाही सांगते. पाऊस लागला की आंबा उतरतो, म्हणून मृगाच्या आधी एकदा करून बघा. साबुदाणा कोरडा, पाणी उकळतं, डोया मिटेपर्यंत झाकण, आणि केलेलं त्याच दिवशी संपवा.