जुन्या जीपचा बारका पार्ट मिळेना? गाडीच्या नावानं नव्हे, मापानं मागा

रिठद (ता. रिसोड) : गुरांच्या कोठ्यात नाहीतर निंबाखाली टिनाच्या आडोशाला उभी असलेली जुनी जीप किंवा पद्मिनी खेड्यांत अजूनही दिसते. आजोबांनी हौसेनं घेतलेली, घरातल्या लग्नांत नवरदेव मिरवलेली. इंजिन धड असतं, पत्राही टिकून असतो. गाडी अडते ती एखाद्या ऑइल सीलवर, पेट्रोल पंपाच्या पडद्यावर किंवा काचेच्या हँडलवर. रिसोडला विचारा, वाशिमला विचारा, उत्तर एकच : "ते आता येत नाही." मग भंगारवाला दारात येतो आणि गाडी किलोच्या भावानं जाते. पण बरेचदा तो पार्ट बाजारात असतो, फक्त वेगळ्या नावानं असतो.

पार्ट का मिळत नाही?

कंपनीनं गाडी बंद केली की काही वर्षांनी सुटे भागही आटतात. कुर्ल्यात तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली. मुंबईच्या टॅक्सी चालू होत्या तोवर तिच्या पार्टला गिऱ्हाईक होतं; ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. अ‍ॅम्बेसेडरचा बंगालमधला कारखाना २०१४ मध्ये थांबला. जीपवाल्यांचं त्या मानानं बरं आहे. महिंद्रानं १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे अनेक मॉडेलं काढली, त्यामुळे जुने पार्ट अजून फिरतात.

दुकानात काय सांगायचं?

गाडीचं नाव शेवटी सांगा. आधी जुना पार्ट पुसून त्यावरचा नंबर वाचा.

बेअरिंग : बाजूला नंबर कोरलेला असतो. ६२०४ नंबरचं बेअरिंग आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७ आणि जाडीला १४ असतं, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. त्यामुळे ते मोटार वाइंडिंगवाल्याच्या ओळखीच्या दुकानातही मिळू शकतं.

ऑइल सील : यावर तीन आकडे असतात. आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी. आकडे झिजले असतील तर व्हर्निअरनं मोजा. आतलं माप सीलवरून नको, शाफ्टवरून घ्या. जुनं सील सैल झालेलं असतं.

इंजिनाचे पार्ट : महिंद्राच्या डी.आय. जीपचं इंजिन ट्रॅक्टरच्या इंजिनाच्याच घराण्यातलं आहे. म्हणून ट्रॅक्टरच्या दुकानात नमुना दाखवायला विसरू नका.

बोल्ट घेताना घात होतो

विलीज घराण्यातल्या जीपला इंची आटे, तर पद्मिनीला मिलिमीटरचे. ५/१६ इंचाचा बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट हातात सारखेच वाटतात. जाडीत केसभर फरक, पण आट्यांमधलं अंतर वेगळं. दोन फेरे बसतो, मग अडतो, आणि पान्यानं जोर लावला की ब्लॉकमधले आटे जातात. बोल्ट शेवटपर्यंत हातानं फिरला पाहिजे. पन्नास पैशाचं काम पाच हजारांवर जातं ते इथंच.

गावात काय बनतं, काय बनवू नये?

पितळी बुश, स्पेसर, पिन हे लेथवाला नमुन्यावरून करून देतो. साध्या झाकणांचं पॅकिंग शीट कापून घरीही होतं. हेड गॅस्केट मात्र तयारच घ्यावं. आतल्या स्फोटाचा दाब ते झेलतं.

ब्रेकच्या बाबतीत जुगाड अजिबात नको. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचं रबर नवीन, त्याच मापाचं आणि सीलबंद पाकिटातलंच घ्या. ब्रेक ऑइल संपलं म्हणून इंजिन ऑइल ओतलं, तर ब्रेकचं रबर फुगतं आणि ऐन वेळी पायडल दगा देतं. स्टिअरिंगच्या जोडाला वेल्डिंग मारणंही तसंच जिवावरचं.

पेट्रोल गाडी असेल तर पंपाचा पडदा, पाइप आणि कार्बोरेटरची रबरं एकदाच बदलून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. गळती इंजिनाच्या उष्णतेजवळ झाली तर आगीला निमंत्रण.

बाहेरून मागवताना

मुंबईत कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी ही जुन्या पार्टची मोठी ठिकाणं. हरियाणातली मंडी डबवाली जीपसाठी ओळखली जाते. फोनवर फोटो पाठवताना पार्टशेजारी मोजपट्टी ठेवा, दोन्ही बाजू दाखवा. पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर माप पाहून घ्या आणि पक्कं बिल मागा.

कागद सांभाळा

अख्खं इंजिन बदलायचं असेल तर आधी वाशिमच्या आरटीओ कार्यालयात परवानगी घ्या, नंतर आरसी बुकात नोंद करा. रंगाआधी घासताना चेसिस नंबर पुसला जाणार नाही हे पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढते. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. तिची फी २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच. रोज बाजाराला नेता येत नाही.

आणि एक साधी गोष्ट : काढलेला जुना पार्ट फेकू नका. कितीही तुटका असला तरी माप, नंबर आणि आकार त्याच्यावरच असतो. डब्यात चिठ्ठी लावून ठेवा. नवा पार्ट बसून गाडी गावाला एक फेरी मारून येईपर्यंत तो डबा भंगारवाल्याच्या हाती लागू देऊ नका.